बाससाठी कॉम्प्रेसर कानाने निवडायला शिकवलंत, त्या दादांना

प्रिय दादा,

"कमी पैशांत बास गिटारसाठी कुठला कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा आवाज दाबून पातळी एकसारखी ठेवणारं पेडल, घेऊ?" एवढंच मी विचारलं होतं. एखादं नाव सांगून तुम्ही मोकळे होऊ शकला असतात. पण तुम्ही स्वतःचं पेडल पुढ्यात ठेवलंत, बास माझ्या हातात दिलात आणि मला ऐकायला बसवलंत. त्याबद्दल मनापासून आभार.

चारास एक रेशो (दाबण्याचं प्रमाण) असेल तर थ्रेशोल्डच्या, म्हणजे जिथून दाबणं सुरू होतं त्या पातळीच्या, वर १२ डेसिबल गेलेला आवाज जेमतेम ३ डेसिबल वर राहतो, हे गणित तुम्ही आधी सांगितलंत. उलगडा मात्र अटॅकचा, म्हणजे आवाज किती लवकर दाबायचा ते ठरवणारा, नॉब फिरवल्यावर झाला. अटॅक अगदी जलद असताना बोटाचा तारेवरचा पहिला ठोकाच दबत होता आणि सूर मागे सरकल्यासारखा वाटत होता. तुम्ही तो ३०-४० मिलिसेकंदांपर्यंत नेलात, तसा ठोका लख्ख बाहेर आला आणि मागचा सूर भरीव, एकसारखा राहिला. कॉम्प्रेसर नेमकं काय करतो हे मला त्या क्षणी कळलं.

ब्लेंडबद्दल, म्हणजे दाबलेल्या आवाजात मूळ आवाज मिसळणाऱ्या नॉबबद्दल, तर किती आभार मानू! ई ची जाड तार ४१ हर्ट्झच्या आसपास बोलते, आणि तिच्यात एवढा जोर असतो की ती वाजली रे वाजली की कॉम्प्रेसर सगळाच आवाज खाली ओढतो. काही पेडलांत हा खर्ज पातळी मोजणाऱ्या डिटेक्टरपर्यंत पोहोचू न देणारा फिल्टर असतो. तो नसेल तर ब्लेंड हवाच, मूळ आवाज थोडा मिसळला की हरवलेला तळ परत येतो, हे तुम्ही वाजवून दाखवलंत. म्हणूनच डायना कॉम्प या कॉम्प्रेसर पेडलच्या घराण्यातली दोन नॉबची स्वस्त पेडलं मी बाजूला ठेवली. गिटारवर ती सुरेख वाजतात, माझ्या बासला मात्र ब्लेंड हवा होता.

तुलना करण्याआधी पेडल चालू असताना आणि बंद असताना आवाजाची पातळी सारखी करून घ्यायची, हा तुमचा आग्रह तर मी आता सगळ्यांना सांगतो. जरा मोठा वाजणारा आवाज कानाला उगाचच चांगला वाटतो, आणि महागडी पेडलं बरेचदा तेवढ्यावरच जिंकतात.

शेवटी वापरलेलं पेडल घेतलं. अटॅक आणि ब्लेंड दोन्ही आहेत, शिवाय आवाज किती दाबला जातोय ते दाखवणारी दिव्यांची ओळ आहे. जोरात वाजवल्यावर तीनेक डेसिबल, स्लॅपला (तारेवर अंगठा आपटून वाजवताना) सहापर्यंत, एवढंच ठेवतो. ॲडॉप्टर ९ व्होल्टचा आणि मधली पिन ऋण, हेही लावण्याआधी तपासलं.

पुढच्या भेटीत पाच तारांचा बास आणतो. ३१ हर्ट्झच्या बी तारेवर ब्लेंड किती ठेवायचा, ते तुमच्यासमोर बसून ऐकायचं आहे.

तुमचा,
एक बासवादक