पणजोबांची आई कुठे शोधायची?

महोदय,

वंशावळ शोधताना जुन्या पिढीतल्या आईचे नाव सापडणे अवघड. इंग्लंडमध्ये १८५१ च्या जनगणनेपासून घरातल्या प्रत्येकाचे कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते लिहिलेले सापडते आणि शंभर वर्षांनी त्या याद्या कोणालाही पाहता येतात. (तिथेही लग्नाच्या दाखल्यावर आईचे नाव यायला २०२१ उजाडले!) आपल्याकडे १८७२ पासूनच्या जनगणनेतून हाती लागतात ते फक्त आकडे. जुन्या पिढ्यांत लग्नाची नोंद बहुतेक करतच नसत. वसई-गोव्यातली चर्चची रजिस्टरे हा अपवाद.

उरते कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूंची नोंदवही (गाव नमुना १४). पणजोबांची जन्मनोंद मला त्यातच मिळाली. मोडी लिपी, वाळवीने खाल्लेली कड, हात लावला की पानाचा भुगा. बापाचे नाव लागले, आईचे कुठेच नाही. ते नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे यजमानांच्या वंशावळी लिहून ठेवणाऱ्या गुरुजींच्या, वहीत निघाले.

कुणबी नोंदींसाठी २०२३ पासून सरकारने हीच दप्तरे उपसली. जातीपुरते पाहून ती पुन्हा फडक्यात बांधू नयेत. सगळी पाने स्कॅन करून गावनिहाय सूची द्यावी आणि तालुक्याला निदान एक मोडी वाचणारा माणूस नेमावा.

– एक वाचक, पुणे