सिडनीचा राग येतो, वानखेडेचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशात आपल्या प्लेअरला कोणी रंगावरून बोललं की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस नुसता जाळ असतो. जानेवारी २०२१ ला सिडनी टेस्टमध्ये बाउंड्रीवर आपल्या मोहम्मद सिराजला शिवीगाळ झाली, त्याने गुपचूप न बसता कम्प्लेंट केली, खेळ थांबला आणि सहा जणांना स्टँडमधून बाहेर काढलं, तेव्हा मी पण तावातावाने लिहिलं होतं की हे गोरे सुधारायचे नाहीत वगैरे. लिहून झाल्यावर मला वानखेडे आठवलं आणि तो मेसेज मी डिलीट केला, आता खरं सांगायला हरकत नाही.

१७ ऑक्टोबर २००७, ऑस्ट्रेलियाशी सातवी वनडे. ऑफिसला दांडी मारून नॉर्थ स्टँडला होतो. मुरली कार्तिकने २७ रनमध्ये ६ विकेट काढल्या, ती मॅच आपण दोन विकेटने जिंकलो, घरी येऊन मी तेवढंच सांगितलं. त्यांचा कृष्णवर्णीय वंशाचा प्लेअर अँड्र्यू सायमंड्स बॅटिंगला आला तेव्हा लोक माकडासारखे आवाज काढत होते हे नाही सांगितलं. माझ्या पुढच्या रांगेत एक गृहस्थ होते, चांगले शर्टपँट इन केलेले, मांडीवर डबा, तो डबा बायकोकडे देऊन ते उभे राहिले आणि दोन्ही हातांनी काखा खाजवून दाखवायला लागले, शेजारी सातआठ वर्षांचा पोरगा, तो बापाकडे बघून तेच करायला लागला. आणि मी हसलो. ओरडलो नाही पण हसलो. दुसऱ्या दिवशी पेपरात तसेच फोटो, पोलिसांनी चार जणांना पकडल्याची बातमी. चारच! त्याच्या आधी बडोद्यालाही हेच झालं होतं आणि तिथे तर लोक हनुमानाची प्रार्थना करत होते असा खुलासा आला होता, म्हणजे कमालच.

मग जानेवारी २००८ ला सिडनीत हरभजन-सायमंड्स भांडण पेटलं. हरभजन 'मंकी' म्हणाला की दुसरं काही ते मला माहीत नाही, अपिलात तीन मॅचची बंदी उठली आणि नुसता दंड राहिला, पण इथे पुतळे जाळण्यात कोणी एकाने तरी विचारलं का की बाबा तीन महिन्यांपूर्वी मुंबईत आपण काय केलं? बोर्डाने ताकद दाखवली, आपण टाळ्या वाजवल्या, सगळा देशाच्या इज्जतीचा मामला होऊन बसला आणि सायमंड्सला काय वाटलं असेल ते बाजूलाच राहिलं. २०११ ला तेच दोघं मुंबई इंडियन्सकडून खेळले, तेव्हा त्याच वानखेडेत सायमंड्स 'आपला' झाला!

याच देशाने १९७४ ला डेव्हिस कपची फायनल सोडून दिली होती हो, वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेशी खेळणार नाही म्हणून. कप जिंकायचा चान्स होता. त्याचा मला अभिमान आहे, पण दूरच्या गोऱ्यांना नाही म्हणणं त्यातल्या त्यात सोपं. मरीन लाइन्सला उतरून वानखेडेला चालत जाताना हिंदू जिमखाना लागतो. पळवणकर बाळू हे जुने बॉलर, तेव्हा धर्मावर टीम असायच्या त्यातल्या हिंदू टीमचे, भारताच्या १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरच्या वर विकेट काढल्या त्यांनी, पण चांभार म्हणून कॅप्टनसी नाही. त्याआधी पुण्याला तर बॉलिंग सगळ्यांबरोबर आणि चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. त्यांच्या भावाला, विठ्ठलला, कॅप्टनसी मिळाली ती १९२३ ला.

२०२० ला वेस्ट इंडिजचा डॅरेन सॅमी म्हणाला की आयपीएलच्या हैदराबाद टीममध्ये त्याला 'कालू' म्हणायचे आणि त्याला वाटायचं त्याचा अर्थ दणकट घोडा. मग कोणीतरी म्हणालं प्रेमाने म्हणायचो. ते प्रेम मला चांगलं माहितीये. माझा भाचा आझाद मैदानात नेटला जातो, त्याच्या टीममध्ये एक सावळा मुलगा आहे, लेफ्टी, बॉल चांगला वळवतो, त्याला सगळे 'ब्राव्हो' म्हणतात, कोच पण. वेस्ट इंडिजचा ब्राव्हो राइट आर्म मीडियम पेसर, याचा त्याच्याशी काय संबंध, रंग सोडला तर? मी भाच्याला त्याचं खरं नाव विचारलं तर त्याला आठवेना. परवा स्कोअरबुक बघितलं. त्यात पण ब्राव्होच लिहिलंय.

आपला,
एक वाचक, लालबाग