चिंगीच्या रुखवतासाठी गालिचा

एर्बिल, कुर्दिस्तान (इराक)

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. बाबा, टीव्हीवर ‘इराक’ ऐकलं की तुम्ही आवाज वाढवता, हे चिंगीनं सांगितलं. इथं सगळं शांत आहे. कंपनीची गाडी नेते, आणून सोडते. भात-डाळही मिळते. उगाच जागत बसू नका.

चिंगीसाठी जुना कुर्दी गालिचा घेतलाय. पार्सल उघडून तुम्ही काही म्हणायच्या आत सांगतो, मला कुणी फसवलेलं नाही. इथली तऱ्हाच उलटी, नवाकोरा स्वस्त आणि विटलेला महाग! किल्ल्याखालच्या कैसरी बाजारात दुकानदार आधी चहा पाजतो, मग गालिचा पालथा टाकतो, कारण गाठी मागूनच कळतात. ओल्या पांढऱ्या रुमालानं घासून रंग सुटतो का तेही बघतात. आपल्या गालिच्याचा लाल रंग अर्ध्यावर एकदम फिकट होतो, तो डाग नव्हे. भटक्या टोळ्यांतल्या बायका मंजिष्ठेच्या मुळ्या उकळून लोकर थोडी थोडी रंगवायच्या, आणि पुढच्या घाण्याला छटा तंतोतंत जुळायची नाही. हौशी लोक त्या पट्ट्याचेच जास्त पैसे मोजतात. जाफ नावाच्या कुर्दी टोळीच्या खोगिराच्या पिशव्या उसवून त्यांच्या उशा करतात आणि भारी सोफ्यांवर मांडतात! इराणातल्या बिजार गावचे गालिचे तर इतके ठासून विणलेले की घडीच पडत नाही, गुंडाळूनच ठेवायचे. आपला तसला नाही, तो परवडला नसता.

मावशी म्हणेलच, ‘परदेशातून जुनं पाठवलं.’ आई, तिला तो पट्टा बोटानं दाखव. रुखवत झालं की गालिचा चिंगीच्या हॉलच्या भिंतीवर लावा, दाराशी पायपुसणं करू नका. ठेवणीत टाकलात तर कडुलिंबाचा पाला घाला, लोकरीला कसर लागते.

बाबा, हॉलचे आणि दागिन्यांचे पैसे खात्यात टाकलेत. केटररला आगाऊ देऊन टाका, सोसायटीचं कर्ज काढायचं नाही. रजेचं अजून काही नक्की नाही, नेमकं त्याच आठवड्यात काम सुपूर्द करायचंय. साहेबांना पुन्हा विचारतो, पण माझ्यासाठी मुहूर्त हलवू नका. व्हिडिओवर सगळं दिसतंच की हल्ली! कानपिळीला मामाच्या सुन्याला उभं करा. चांगला जोरात पिळ म्हणावं, आणि मानाचं घेतल्याशिवाय कान सोडू नकोस. माझ्या स्थळांचं चिंगीचं उरकल्यावर बघू, आत्ता कुणाला शब्द देऊ नका.

तुमचा,
बाळू