आजोबांची पदकं फ्रेमवाल्याकडे देण्याआधी

ती. बाबा आणि आई यांस शि. सा. न.

बाबा, पदकांचा क्रम आधी कागदावर काढून द्या. आजोबा रॉयल इंडियन नेव्हीत भरती झाले, तरी निवृत्त भारतीय नौदलातून झाले. म्हणून क्रम आपल्याकडचा: सगळ्यांत आधी १९४७ चं स्वातंत्र्य पदक (केशरी-पांढरी-हिरवी फीत), मग १९३९-४५ स्टार, बर्मा स्टार, वॉर मेडल आणि शेवटी हिंदुस्थानच्या नकाशाचं इंडिया सर्व्हिस मेडल. ब्रिटिश याद्यांत युद्धाची पदकं पुढे असतात, त्या बघून लावलं की चुकतं. पहिलं पदक घालणाऱ्याच्या उजव्या हाताला, म्हणजे समोरून बघताना डावीकडे. पट्टी पालथी धरून शिवली की सगळं उलटं होतं. १९३९-४५ स्टारच्या फितीचा गडद निळा पट्टा आरमाराचा, तोही समोरून डावीकडेच हवा.

बर्मा स्टार ब्रह्मदेशात गेलेल्या सगळ्यांना मिळाला, हे काकांचं म्हणणं नौसैनिकांना लागू नाही. त्यांना आधी १९३९-४५ स्टारसाठी युद्धक्षेत्रात १८० दिवस समुद्रावर भरावे लागत. त्यापुढची, ११ डिसेंबर १९४१ ते २ सप्टेंबर १९४५ या काळातली बंगालच्या उपसागरातली सेवा बर्मा स्टारसाठी धरत. रॉयल इंडियन नेव्हीच्या ‘बेंगाल’ या चिमुकल्या जहाजाने ११ नोव्हेंबर १९४२ ला दोन जपानी जहाजांशी झुंज घेतली, त्यातलं ‘होकोकू मारू’ बुडालं. केवढी मर्दुमकी! पण ती जागा पार दक्षिणेला, बर्मा स्टारच्या हद्दीबाहेर. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशच्या अराकान किनाऱ्यावरच्या खाड्यांत तोफा डागणारी ‘नर्बदा’ आणि ‘जमना’ ही जहाजं मात्र हद्दीच्या आत. सगळा हिशेब जहाज आणि तारखांवर. म्हणून आजोबांचे डिस्चार्जचे कागद पदकांइतकेच जपा. स्कॅन करून ठेवा, पण लॅमिनेशन नको. ते पुन्हा निघत नाही.

आई, ब्रासो, पितांबरी, चिंच-मीठ काहीही लावू नकोस. दोन्ही स्टार तांबं-जस्ताच्या मिश्रणाचे आहेत. घासून चकाकतात खरे, पण मुकुटाची नि अक्षरांची धार जाते, ती पुन्हा येत नाही. वॉर मेडलवरच्या सिंहाची आयाळ आधीच गुळगुळीत झालीये. आरमारातल्या माणसाला पितळ दिसलं की हात शिवशिवतात, त्याला कोण काय करणार! हिरवा कळंक दिसला तर लाकडी टूथपिकने हलकेच खरवड आणि कोरड्या मलमलीने पूस. धातूला उघडी बोटं लावू नकोस, घामाने डाग पडतात. प्लास्टिकच्या पिशवीत पावसाळ्यात आत पाणी सुटतं. त्यापेक्षा धुतलेल्या सुती कापडात एकेक वेगळं गुंडाळ, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाक.

विरलेल्या फिती फेकू नका, पाकिटात ठेवा. नवी फीत ३२ मिलिमीटर रुंदीची घ्या. फ्रेमवाल्याने गोंदाची बाटली काढली तर तिथेच थांबवा. पदकं दोऱ्यानेच टाचायची, आणि काच त्यांना टेकता कामा नये.

तुमची,
लेक