शेवटचा धावपटू येईपर्यंत रस्ता बंद ठेवा: क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. क्रीडामंत्री महोदय,
स. न. वि. वि.

मी हौशी धावपटू आहे. नोकरी आणि घर सांभाळून पहाटे सराव करते आणि शर्यतीत नेहमी मागच्या घोळक्यात असते. हे पत्र त्या घोळक्याच्या वतीने लिहीत आहे.

अलीकडेच एका स्थानिक हाफ मॅरेथॉनमध्ये धावले. सुरुवात सुरेख झाली. पण शेवटच्या टप्प्यात पोहोचले तेव्हा पाण्याची टेबले उचललेली होती, रस्त्यावर फक्त चुरगळलेले पेले उरले होते. अडथळे बाजूला करून वाहतूक सोडली होती आणि आम्ही दुचाकींच्या मधून वाट काढत होतो. जाहीर केलेली वेळमर्यादा संपायला तेव्हा बराच अवकाश होता. माझ्या पुढचा एक धावपटू भेलकांडू लागला. नाव विचारले तर त्याला धड सांगता येईना. जवळच्या इमारतीतल्या लोकांनी बादल्या भरून आणल्या, त्याच्या अंगावर ओतल्या, म्हणून तो सावरला. रुग्णवाहिका फिनिश लाइनजवळ उभी होती.

स्वयंसेवकांना मी दोष देत नाही. ती कोवळी मुले होती, त्यांना आवरायला सांगितले आणि त्यांनी आवरले.

महोदय, जिंकणारे धावपटू हाफ मॅरेथॉन साधारण सव्वा तासाच्या आत संपवतात. आम्हाला तीन तास लागतात, आणि त्यातला शेवटचा तास उन्हाचा असतो. उष्माघात जोरात पळणाऱ्यालाही होतो, गार हवेतही होतो. पण पुढच्यांना पाणी आणि डॉक्टर मिळतात, मागच्यांच्या वाट्याला तेच येत नाहीत. धावताना होणाऱ्या उष्माघातात शरीराचे तापमान 40 अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि माणूस बरळू लागतो. ते तापमान किती वेळ चढलेले राहते यावर जीव अवलंबून असतो. म्हणूनच आधी जागीच थंड करायचे आणि मगच रुग्णालयात न्यायचे, असा क्रीडावैद्यकाचा नियम आहे. सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे बर्फाच्या पाण्याने भरलेला टब. अर्ध्या तासाच्या आत ताप उतरवायचा असतो.

शिवाय तासन्‌तास नुसते पाणीच पीत राहिले तर रक्तातले सोडियम उतरते आणि तेव्हाही माणूस असाच गोंधळतो. दोन्हींचे उपचार वेगळे. फरक ओळखायला प्रशिक्षित वैद्यकीय पथक लागते आणि तापमान गुदमार्गे मोजावे लागते, कारण कपाळावर किंवा तोंडात लावलेला थर्मामीटर अशा वेळी फसवतो. हृदय अचानक बंद पडले तर विजेचा झटका देणारे यंत्र लगेच हाताशी हवे. मदतीविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते.

अंतराच्या बाबतीत मात्र आमचा खेळ किती काटेकोर आहे पाहा. प्रमाणित शर्यतीचा मार्ग खास जुळवलेल्या सायकलने मोजतात आणि तो कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरमागे 1 मीटर जास्त धरतात. 1981 मध्ये अल्बर्टो सालाझारने न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये विश्वविक्रमी वेळ नोंदवली. पुढे फेरमोजणीत मार्ग सुमारे 150 मीटर कमी निघाला आणि त्याचा विक्रम मान्य राहिला नाही. मीटरसाठी एवढी दक्षता घेणाऱ्या खेळात जाहीर केलेली वेळमर्यादा पाळणे आयोजकाच्या मर्जीवर का सोडावे?

माझी मागणी एकच आहे. रस्त्यावरील शर्यतीच्या परवानगीला अट घाला: जाहीर वेळमर्यादा संपेपर्यंत पाणी, वैद्यकीय मदत आणि बंद रस्ता यांतले काहीही धावपटूच्या पुढून हलणार नाही. वेळेत धावणाऱ्या शेवटच्या धावपटूच्या मागे एक वैद्यकीय वाहन चालेल आणि आवराआवर त्या वाहनाच्या मागूनच होईल. ज्या आयोजकाला हे परवडत नाही त्याने वेळमर्यादा कमी करावी, पण नोंदणीपूर्वीच तसे स्पष्ट सांगावे. मग मी त्या शर्यतीत उतरणार नाही, आणि माझी काही तक्रारही राहणार नाही.

रस्ते बंद राहिले की नागरिकांना त्रास होतो, हे मला पूर्ण मान्य आहे. रुग्णालयात निघालेल्या माणसाला आमची शर्यत आडवी येऊ नये. त्यावर उपाय आहे: लांबलचक मार्गाऐवजी छोट्या वर्तुळाच्या तीन-चार फेऱ्या ठेवाव्यात. कमी रस्ता अडतो, तेवढ्याच पाण्याच्या टेबलांवर भागते आणि कोसळलेल्या धावपटूपर्यंत डॉक्टर लवकर पोहोचतो. फेऱ्या मारणे कंटाळवाणे वाटते असे काही धावपटू म्हणतील. मला ते चालेल.

पुढच्या हंगामातील परवानग्या देण्यापूर्वी ही अट लागू व्हावी. ती ठरवणाऱ्या बैठकीला आयोजक, पोलीस आणि डॉक्टर यांच्याबरोबर मागून धावणाऱ्यांनाही बोलवा. मी यायला तयार आहे.

आपली,
एक हौशी धावपटू