‘नाही’ म्हणायचं तर विमान जमिनीवर असताना म्हणा

मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
राज्यमंत्री, नागरी विमान वाहतूक, भारत सरकार

स. न. वि. वि.

मुळशीच्या माणसाला वळीव कसा असतो हे सांगायला नको. दुपारपर्यंत ऊन रणरणतं, चारच्या सुमारास डोंगरामागून काळं उठतं आणि पाचला पत्रे उडतात. आपल्याला खालून दिसतो तो त्या ढगाचा नुसता तळ. माथा कधी कधी 50,000 फुटांवर जातो आणि प्रवासी विमानं उडतात 35,000-40,000 फुटांवरून. म्हणजे वरून जायची सोय नाही, वळसाच घालावा लागतो.

मी निवृत्त हवाई वाहतूक नियंत्रक. हे वळसे देण्यातच माझी नोकरी गेली. ‘हवामानामुळे 20 मैल डावीकडे’ असं वैमानिक रेडिओवर मागतो. आम्ही पडद्यावर बघतो. शेजारच्या विमानापासून 5 सागरी मैल किंवा वर-खाली 1,000 फूट अंतर राखता येत असेल तर ‘मंजूर’ म्हणतो. वादळाची फळी आडवी आली की पाच-पाच विमानांना एकाच फटीतून जायचं असतं, आणि तेव्हा घसा कोरडा पडतो. पण ‘डावीकडे नाही’ म्हटलं की त्याच दमात ‘उजवीकडे चालेल का’ हेही विचारायचं, ही आमच्या वरिष्ठांची शिकवण होती. विमान मिनिटाला 14 किलोमीटर पुढे सरकत असतं. अर्ध्या उत्तरावर त्याला ताटकळत ठेवता येत नाही.

आता 21 मे 2025 ची गोष्ट. इंडिगोचं दिल्ली-श्रीनगर विमान पठाणकोटजवळ 36,000 फुटांवर होतं. पुढे गारांचं वादळ. डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, त्याच आठवड्यात दिलेल्या माहितीनुसार, वैमानिकांनी डावीकडे, म्हणजे आंतरराष्ट्रीय सीमेच्या दिशेने वळण मागितलं. हवाई दलाच्या नॉर्दर्न कंट्रोलने ते मंजूर केलं नाही. मग लाहोरच्या नियंत्रकांकडे विचारणा झाली, तिथूनही नकार. मागे फिरायचा विचार झाला, पण ढग फार जवळ आला होता. शेवटी सर्वांत कमी अंतराने बाहेर पडायचं ठरवून ते आत शिरले. आत स्वयंचलित उड्डाणयंत्रणा सुटली, वेगाचे आकडे भरवशाचे राहिले नाहीत, ‘स्टॉल’चे, म्हणजे पंखांची उचल संपत असल्याचे, इशारे वाजू लागले आणि काही क्षण विमान मिनिटाला 8,500 फूट वेगाने खाली आलं. एरवी उतरतानाचा वेग याच्या निम्म्याएवढाही नसतो. वैमानिकांनी हाताने विमान सांभाळलं, ‘पॅन पॅन’चा, म्हणजे तातडीची मदत मागणारा, संदेश दिला आणि श्रीनगरला सुखरूप उतरवलं. नाकाचा भाग फाटला होता. प्रवासी दोनशेहून जास्त होते, कुणालाही इजा झाली नाही.

‘त्यांना रडारवर दिसलं नाही का?’ असं तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं. विमानातल्या रडारला पाणी छान दिसतं, कोरडी गार तितकीशी दिसत नाही. शिवाय समोर दाट पाऊस असला की रडारचे किरण त्यातच जिरतात आणि मागे आणखी मोठा ढग असला तरी पडद्यावर मोकळं दिसतं. म्हणूनच मोठ्या ढगापासून 20 मैल लांब राहायला शिकवतात. तेवढं लांब राहायला जागा मात्र आम्ही द्यायची असते.

त्या दिवशी ‘नाही’ म्हणणाऱ्यांना मी दोष देणार नाही. पहलगामच्या हल्ल्यानंतर 24 एप्रिलपासून पाकिस्तानने आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केली होती. खुर्चीवरच्या माणसाच्या हातात ती उघडणं नव्हतं, आणि पुढे त्या विमानाला दिशा आणि वेग सांगून मदतही केली गेली. माझी तक्रार त्याच्या आधीच्या दोन तासांबद्दल आहे. एक बाजू पूर्ण बंद असलेल्या मार्गावर वादळ येऊ घातलंय, तर ते विमान दिल्लीहून निघू द्यायचं की तासभर थांबवायचं, हे कोण ठरवतं? धावपट्टीवर गर्दी झाली की आपण विमानं जागेवर रोखतो, धुक्यासाठी रोखतो. मग बंद सीमेलगतच्या वादळासाठी का नाही? प्रवासी चिडतील, चिडू द्या. चिडलेला प्रवासी शेवटी घरी पोहोचतो.

म्हणून एकच मागणी. ज्या ज्या मार्गाला लागून बंद किंवा लष्करी हद्द आहे, त्या प्रत्येकासाठी वादळातला वळसा आधीच ठरवून कागदावर आणा: कोणत्या बाजूला किती मैल, कोणत्या उंचीवर, कुणाला फोन करायचा. जिथे वळशाला जागाच नाही, तिथे वादळाचा इशारा असेपर्यंत उड्डाण रोखण्याचा अधिकार एका ठरावीक खुर्चीला द्या. 2020 च्या मे महिन्यात अर्थमंत्र्यांनी देशातलं केवळ 60 टक्के आकाश मुक्तपणे वापरता येतं असं सांगून ते आणखी मोकळं करण्याची घोषणा केली होती. तेव्हाचा हिशोब वाचणाऱ्या इंधनाचा आणि वेळेचा होता. त्यात हा वळसाही धरावा.

आपल्याला हे पत्र मुद्दाम लिहिलं, कारण आपलं लोहगाव विमानतळ हवाई दलाच्या ताब्यातलं, आणि गोव्याचं दाबोळी नौदलाच्या. नागरी विमान आणि गणवेशातला नियंत्रक एकाच रेडिओवर रोज कसे बोलतात, ते पाहायला तुम्हाला दिल्लीला जावं लागणार नाही. मे महिन्यात एखाद्या संध्याकाळी चारनंतर लोहगावच्या टॉवरवर तासभर बसा. सोबत हवामान खात्याच्या शिवाजीनगरच्या कार्यालयातलं कुणी असेल तर उत्तम. आणि ढग आला की तिथल्या पोरांना एवढंच विचारा, की आता डावीकडे मागितलं तर काय सांगाल.

आपला,
एक निवृत्त हवाई वाहतूक नियंत्रक
कोथरूड, पुणे