अजगराच्या पेटीसाठी, हर्णैच्या मेस्त्रीकाकांस

आदरणीय मेस्त्रीकाका,
सा. न. वि. वि.

गेल्या वर्षी जूनमध्ये, मासेमारी बंद होऊन हर्णै बंदरातल्या होड्या वाळूवर ओढून झापांखाली ठेवलेल्या असताना, आपण एका होडीच्या फळ्या बदलत होता आणि मी प्लायवुडचा काळा पडलेला, बुरशी आलेला एक तुकडा घेऊन आपल्यापुढे उभी राहिले होते. माझ्या बॉल पायथन जातीच्या अजगरासाठी मी स्वतः केलेल्या पहिल्या पेटीचा तो तळ होता. आपण हातातली पटाशी बाजूला ठेवून तो तुकडा हुंगलात, नखाने टोकरलात, आणि ऐन दुरुस्तीच्या हंगामात पुढचा दीड महिना सवड काढून मला काम शिकवलेत. आपले आभार तोंडी मानले होते, पण तेवढ्याने माझे समाधान झाले नाही, म्हणून हे पत्र जाहीर लिहीत आहे.

हा साप कुठून आणला, हे आपण सर्वांत आधी विचारलेत आणि ते योग्यच होते. आपल्या रानातला साप धरून घरी ठेवायला १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा मनाई करतो. माझा अजगर पश्चिम आफ्रिकेतल्या जातीचा, बिनविषारी आहे आणि त्याची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश या संकेतस्थळावर केलेली आहे, हे कागद पाहिल्यावरच आपण पुढचे बोललात. त्याला हवेत साठ टक्क्यांच्या आसपास दमटपणा लागतो, कात टाकताना त्याहून जास्त, म्हणून पेटीत पाण्याचे भांडे आणि ओलसर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, कायम असते. हे ऐकून आपण म्हणालात, की होडीत पाणी बाहेरून आत येऊ पाहते आणि या पेटीत ते आतून बाहेर जाऊ पाहील, एवढाच फरक आहे. त्या एका वाक्याने माझी पुढची सगळी दिशा ठरली.

पहिली पेटी मी आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेल्या मरीन प्लायचीच केली होती आणि त्या शिक्क्यावर विसंबून फक्त पृष्ठभागाला व्हार्निश लावले होते. ७२ तास उकळूनही ज्याचे थर सुटत नाहीत असा तो प्लाय खरा, पण ती परीक्षा गोंदाची आहे, कापलेल्या कडेतून लाकूड पाणी पितच राहते, हे आपण एक पट्टी उभी पाण्यात ठेवून मला दाखवलेत. म्हणून नव्या पेटीत जोडणीआधीच प्रत्येक कड, प्रत्येक खाच आणि स्क्रूचे प्रत्येक भोक पातळ इपॉक्सीने (हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या राळेने) पाजले, आणि पहिला हात चिकट असतानाच दुसरा दिला.

होड्यांना लावतात तसे काजूच्या टरफलांचे तेल आतून लावावे, असे माझ्या मनात होते. ते कातडी भाजते आणि हा जीव दिवसभर पोटावर पडून असतो, असे सांगून आपण मला वेळीच थांबवलेत. त्याबद्दल मी आपली विशेष ऋणी आहे.

पावसाळी हवेने तरी एकदा फसवलेच. तिसरा हात वाळल्यावर त्यावर मेणासारखी चिकट साय धरली होती आणि ती घासून काढायला मी पॉलिश पेपर उचललाही होता. आधी घासले तर ती साय पेपरात आणि लाकडावर माखत जाईल, म्हणून प्रथम कोमट पाण्याने पुसून, कोरडे करून, मगच २२० नंबरने हलके घासायचे, हे आपण स्वतः करून दाखवलेत. पुढचे हात बंद खोलीत, दिवा लावून दिले आणि साय पुन्हा आली नाही. फटी बुजवायच्या सिलिकॉनवर दुसरे काहीही धरत नाही, म्हणून ते सर्वांत शेवटी, कोपऱ्यांत बोटाने गोलाई देऊन भरायचे, आणि बुरशीनाशक मिसळलेले कधीच घ्यायचे नाही, हेही आपलेच सांगणे.

खाली वर्तमानपत्र पसरून पेटीत रात्रभर पाणी भरून ठेवले. सकाळी कागद कोरडा होता. मी त्याच दिवशी अजगराला आत सोडणार होते, पण आपण परवानगी दिली नाहीत. तापणारा दिवा लावून पेटी रात्रभर बंद ठेवायची आणि सकाळी दार उघडून नाक आत घालायचे; जराही वास आला तर आणखी थांबायचे, कारण आतल्या जीवाला खिडकी उघडता येत नाही, असे आपण म्हणालात. वास पूर्ण जायला तीन आठवडे लागले.

यंदाचा पावसाळा त्या पेटीने पाहिला. तळाची कड मी कोकोपीट बाजूला करून तपासली, ती पांढरीच आहे. श्रावणात अजगराने कात टाकली, ती डोळ्यांवरच्या खपल्यांसकट अखंड निघाली. ती कात जपून ठेवली आहे आणि नारळी पौर्णिमेला आपण बंदरावर असाल तेव्हा दाखवायला घेऊन येईन. आपण मजुरी घेतली नव्हती. उरलेला इपॉक्सीचा डबा आणि हार्डनर तरी त्या वेळी ठेवून घ्यावा, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
पेटीवाली